ओळखण्यासाठी उडवायचे का?

हिवाळ्यात आपण मुलांना नांदूर मध्यमेश्वरला नेतो. गोदावरी-कादवा संगमाजवळचे हे पाणथळ २०२० मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ ठरले. हळदी-कुंकू बदक मुले चटकन ओळखतात: चोचीचे टोक पिवळे, बुडाशी लाल ठिपका. थापट्याची चोच फावड्यासारखी. लांबचे मात्र नुसते ठिपकेच. मग कोणी मोठा म्हणतो, "टाळ्या वाजवा, उडाले की पंख दिसतील!"

आपली हौस भागते. हिमालयापलीकडून आलेल्या चक्रवाकाचा विसावा मोडतो. हा हक्क आपल्याला कोणी दिला? नावे देण्यासाठी प्राणी आदामापुढे परमेश्वराने आणले. आदाम त्यांच्यामागे धावला नाही.

बांधावर गप्प बसले, तर काही बदके आपणहून जवळ पोहत येतात. उरलेल्यांची जागा वहीत कोरी राहते. मुलांना ते चालते; खटकते मोठ्यांनाच.