डावा कौल आला तर

मी गोव्यात पेडण्याकडच्या एका पुजारी घराण्यातला. पोटापाण्यासाठी डिचोलीच्या एका लॅबमध्ये रक्त तपासतो. 2020 आणि 2021 मध्ये कोविडच्या रुग्णांचे डी-डायमर मी काढत होतो. बाहेर मुलगा, सून, भाऊ उभे असायचे. आकडा सांगितला की पुढचा प्रश्न ठरलेला, "म्हणजे वाचतलो मां?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते कोणाकडेच का नसावं, हे मला इथे मांडायचं आहे.

रक्ताची गुठळी होते तेव्हा फायब्रिनच्या धाग्यांचं जाळं तयार होतं. पुढे शरीरच ते तोडतं, आणि त्या तुकड्यांतला एक म्हणजे डी-डायमर. त्यासाठी निळ्या झाकणाची नळी लागते. तिच्यात सायट्रेट असतं, एक भाग सायट्रेटला नऊ भाग रक्त. रक्त रेघेपर्यंत पोचलं नाही तर नमुना टाकून द्यायचा आणि पुन्हा सुई टोचायची. इतक्या काटेकोरपणे काढलेला आकडा सांगतो मात्र एवढंच, की कुठेतरी गुठळ्या होत आहेत आणि तुटत आहेत. वय झालं, बाळंतपण झालं, ऑपरेशन झालं, तरी तो मिलिलिटरला 500 नॅनोग्रॅम या नेहमीच्या मर्यादेच्या वर जाऊ शकतो.

मार्च 2020 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात वुहानच्या 191 कोविड रुग्णांचा अभ्यास आला. त्यातले 54 दगावले, 137 घरी गेले. दाखल होताना ज्यांचा डी-डायमर मिलिलिटरला 1 मायक्रोग्रॅमच्या वर होता, त्यांना मृत्यूचा धोका कितीतरी जास्त दिसला. ते खरंच आहे. पण घरी गेलेल्यांतही चढ्या आकड्याची माणसं होती. समोर खाटेवर पडलेला माणूस यांतला कोणता, हे त्या अभ्यासाला ठाऊक नव्हतं.

लोक त्या आकड्याला कौल समजत होते. मला त्याचं वाईट वाटतं, कारण कौल म्हणजे काय ते मी घरात पाहिलं आहे. बाबा ओल्या पाकळ्या मूर्तीच्या दोन्ही अंगांना लावतात, मग गाऱ्हाणं घालतात. गाऱ्हाणं संपतं आणि देवळात कोणी बोलत नाही. पाणी सुकत येतं, पाकळीची एक कड सुटते, ती थोडी खाली सरकते, पुन्हा अडकते. उजवी पडली तर काम सुरू. डावी पडली म्हणून कोणी हात जोडून घरी गेल्याचं मला आठवत नाही. काय चुकलं, काय राहिलं ते विचारतात, दुसरी वाट मांडतात आणि पुन्हा कौल लावतात. आमच्याकडे देवाला विचारतात ते आता काय करू हे. माणूस मरणार का, हे बाबांनी कधीच विचारलं नाही. कोणी विचारायला लावलं तर ते पाकळीच लावत नसत.

"प्रारब्धात असेल तसं होईल" असं म्हणणारे पुष्कळ भेटले. प्रारब्ध मीही मानतो. पण योगवासिष्ठात, मुमुक्षुव्यवहार प्रकरणात, वसिष्ठ रामाला बजावतात की दैव म्हणजे आपलाच मागचा पुरुषार्थ, आणि आजचा पुरुषार्थ जोरकस असला तर तो मागच्याला हरवतो. हे ऐकल्यावर माणूस जिवंत असताना त्याच्या प्रारब्धाचा हिशेब पुरा झाला असं कोणी म्हणावं? ते माणूस गेल्यावर म्हणावं, सांत्वनासाठी.

प्रयत्न वेळेवर झाला तर काय होतं, हे कोविडच्या रुग्णांवरच्या हेपारिनच्या मोठ्या चाचण्यांत दिसलं; त्यांचे निष्कर्ष ऑगस्ट 2021 मध्ये प्रसिद्ध झाले. रक्त पातळ करणारं हे औषध पूर्ण मात्रेत दिलं तेव्हा वॉर्डातल्या, अजून अत्यवस्थ न झालेल्या रुग्णांना फायदा झाला. अतिदक्षता विभागात पोचलेल्यांना झाला नाही. आणि वॉर्डातल्या त्या रुग्णांत फायद्याचं पारडं डी-डायमर चढा असलेल्यांत जड होतं, तसंच कमी असलेल्यांतही. म्हणजे रुग्ण कोणत्या टप्प्यावर हाती लागला याला महत्त्व होतं. प्रारब्धावर हवाला ठेवून वाट बघत घरी बसलेल्या कुटुंबांचा विचार मनात आला की मला आजही झोप लागत नाही.

मे 2021 मध्ये बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, पहाटेच्या वेळी माणसं दगावत होती, आणि ऑक्सिजनचा प्रश्न उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठासमोर होता. ऑक्सिजनअभावी कोणाचा जीव जाता कामा नये, असं न्यायालयाने सरकारला बजावलं. त्या दिवसांत एका शहाण्या, देवभोळ्या माणसाने मला म्हटलं, "त्यांचे आकडे तसेही वाईटच असणार." हे मी तेव्हाही मानलं नाही, आजही मानत नाही. ज्याचा डी-डायमर चार हजार आहे त्याला सिलिंडर आधी पोचायला हवा, आणि तो पोचला नाही तर का पोचला नाही, हे पोचवणाऱ्यांना विचारायला हवं.