अभय कुणाला?

आईच्या अस्थी गंगेत सोडल्या आणि नावेपासून हातभर अंतरावर एका कासवाचं डोकं वर आलं.

काशीत कासवं सोडली गेली ती गंगा कृती योजनेत; अर्धवट जळालेली प्रेतं खाऊन त्यांनी नदी स्वच्छ करावी म्हणून. १९८९ साली रामनगर किल्ल्यापासून मालवीय पुलापर्यंतचं सात किलोमीटरचं पात्र त्यांचं अभयारण्य ठरलं. २०२० साली ते रद्द झालं.

अनुवाद करताना मी 'अभय' या शब्दापाशी थबकते. कामाच्या बदल्यात मिळालेलं अभय ही नुसती नोकरीच नव्हे का?

पण मीही त्या डोक्यात आईचा निरोप शोधला. त्याला कामालाच लावलं. ते तर फक्त श्वास घ्यायला वर आलं होतं.