कवडीमोल कोण?

हुबळी-धारवाड रस्त्यावरील अमरगोळच्या बाजार आवारात कांदा, मिरची यांचे सौदे होतात. भाव पडला की आपण म्हणतो, "माल कवडीमोलाने गेला." पण कवडी म्हणजे काय? उष्ण समुद्राच्या उथळ पाण्यातील एका लहान गोगलगाईचे ते कवच. जिवंतपणी ती आपल्या मऊ अंगाचा पदर कवचावर पांघरते, म्हणून ते तुळतुळीत राहते.

मालदीव बेटांतून या कवड्या जहाजांनी बंगालात येत व चलन म्हणून चालत. अठराव्या शतकात युरोपी व्यापाऱ्यांनी त्याच कवड्या पश्चिम आफ्रिकेत नेऊन माणसे विकत घेतली. ते स्वतःला ख्रिस्ती म्हणवीत, हे आपण विसरू नये.

पुढे चलन बदलले. कवच तेच राहिले, किंमत गेली. म्हणजे किंमत घेणाऱ्याच्या डोळ्यांत होती. पण त्या विकल्या गेलेल्या माणसांचे मोल कवड्यांइतकेच होते, असे कोण म्हणेल? तेव्हा भाव वेगळा, मोल वेगळे. भाव बाजार ठरवितो. मोल निर्माणकर्ता ठरवितो. प्रभूने चिमण्यांचा भाव नाकारला नाही. पित्याची दृष्टी त्या भावावर थांबत नाही, एवढे दाखविले (मत्तय 10).

आपल्या मंडळीत सोन्याच्या अंगठीला पुढची जागा मिळते काय? (याकोब 2). शब्बाथशाळेच्या शिक्षकांनो, ज्या मुलाला वचन पाठ होत नाही, त्याच्याकडे आपण बाजाराच्या डोळ्यांनी पाहतो की पित्याच्या? येत्या रविवारी एक कवडी वर्गात न्या, आणि हा प्रश्न आधी स्वतःला विचारा.