अण्णा आणि आत्या

अण्णांच्या श्राद्धाला सगळे जमलो की गोष्टी ठरलेल्याच निघतात. बहात्तरच्या दुष्काळात त्यांनी किती माणसं जगवली, चौऱ्याहत्तरच्या संपात ते कसे डगमगले नाहीत, नातवंडांच्या फिया वेळेवर कशा भरल्या. गोष्टी खऱ्या आहेत. तरी दर वर्षी सांगता सांगता त्यांच्यातलं काहीतरी झडत चाललंय असं मला वाटतं. अण्णांचा राग झडला, हट्ट झडला, ते दारात चप्पल काढत असले की घरात जी चिडीचूप व्हायची तीही आता कुणाच्या बोलण्यात येत नाही. उरलेत ते फोटोतले अण्णा, पांढऱ्या टोपीतले, सौम्य. मी ज्यांच्या मांडीवर वाढले ते माझे आजोबा याहून कितीतरी अवघड होते, आणि मला ते तसेच हवे आहेत.

अण्णा कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होते. बार्शी लाईट रेल्वेचं वर्कशॉप. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने ही अडीच फुटी रुळांची गाडी १८९७ साली बार्शी ते बार्शी रोड अशी सुरू केली. बार्शी रोड म्हणजेच आजचं कुर्डुवाडी. पुढे ती १९०६ मध्ये पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोचली. १९५४ मध्ये सरकारने ती विकत घेईपर्यंत मालकी विलायतेतल्या कंपनीची होती. अण्णा त्या कंपनीच्या अमदानीत, मिसरूड फुटायच्या वयात, खलाशी म्हणून लागले आणि हाताखाली काम करता करता फिटर झाले. शिक्षण चौथीपर्यंत. पण कॅलथ्रॉपची मूळ कल्पना ते आम्हा नातवंडांना अशी समजावून सांगायचे की पुढे कॉलेजात शिकताना मला त्यांचीच आठवण यायची. इंजिन असो की मालडबा, एका आसावर पाच टनांहून जास्त भार पडू द्यायचा नाही. भार सगळ्या आसांवर सारखा वाटला की हलके रूळ पुरतात, पूल स्वस्तात होतात, गरीब मुलुखातही रेल्वे परवडते. "भार वाटला पायजे," असं म्हणून ते जमिनीवर चार बोटं टेकवून दाखवायचे. बोटांच्या पेरांत काळं ऑइल कायमचं मुरलेलं असायचं. रॉकेल लावून, साबण लावून, चिंच लावूनही ते जात नसे.

आषाढी जवळ आली की अण्णा घरी दिसायचे नाहीत. जादा गाड्या सुटायच्या, डबे अपुरे पडले की वारकरी मालडब्यांतूनही जायचे, आणि त्या दिवसांत वर्कशॉपमध्ये रात्र-दिवस एक व्हायचा. गाडी वाटेत बसली तर माउलीची माणसं खोळंबतील, ही त्यांची एकच काळजी. पंढरपूर तासा-दोन तासांवर, रेल्वेचा पास खिशात, तरी नोकरीत असेपर्यंत आषाढीला त्यांनी कधी दर्शन घेतलं नाही. गर्दी ओसरल्यावर, एखाद्या सुट्टीच्या दिवशी एकटेच जायचे आणि संध्याकाळी चुरमुऱ्या-बत्ताशाची पुडी घेऊन परत यायचे. लोक त्यांना वारकरी म्हणत नसत, माळ त्यांच्या गळ्यात नव्हती. पण वारी म्हटलं की माझ्या मनात पालखीच्या आधी अण्णांचं ते काजळी माखलेलं, जागरणाने तांबारलेले डोळे असलेलं तोंड येतं.

दुष्काळाची गोष्ट मी ऐकलेली आहे, पाहिलेली नाही. गावाकडची शेती करपली तेव्हा चुलत्यांची, मावस-मामेभावांची कुटुंबं दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये येऊन राहिली. बाकीचे खडी फोडायला, पाझर तलावाच्या कामावर गेले. त्या कामांवर सुकडी मिळायची, रेशनवर अमेरिकेतून आलेली तांबडी मिलो. आजी सांगायची की मिलोची भाकरी थापता थापता तुटायची आणि खाताना घशात अडायची. अण्णांनी सोसायटीचं कर्ज काढलं, ते फेडायला पुढे कैक वर्षं लागली. जेवायला बसताना ते सगळ्यात शेवटी बसायचे आणि पातेल्यात डोकावून मगच भाकरी मागायचे. दोन वर्षांनी, ८ मे १९७४ ला, रेल्वेचा देशव्यापी संप झाला, जॉर्ज फर्नांडिसांच्या नेतृत्वाखाली, वीस दिवसांचा. डोक्यावर ते कर्ज असताना अण्णा संपात उतरले. क्वार्टर सोडावं लागेल म्हणून आजीने भांडी पोत्यात भरून ठेवली होती. ती वेळ आली नाही.

इथपर्यंतचं सगळं श्राद्धाच्या दिवशी सांगितलं जातं. आत्याची शाळा सांगितली जात नाही.

आत्या भावंडांत थोरली, आणि अभ्यासात सगळ्यांहून पुढे. ती सातवी पास झाली त्या वर्षी आजी दुखण्याने अंथरुणाला खिळली. पाठचे तीन भाऊ लहान. सकाळी भोंग्याच्या आधी डबा तयार व्हायला हवा. अण्णांनी शाळेत जाऊन नाव काढलं आणि संध्याकाळी घरी येऊन सांगितलं. विचारलं नाही, सांगितलं. आजी वर्षभरात हिंडू-फिरू लागली, पण आत्याचं नाव परत घातलं गेलं नाही. पुढे चार वर्षांनी तिचं लग्न झालं. तिच्या पाठचे भाऊ, त्यांत माझे वडील, मॅट्रिक झाले, नोकऱ्यांना लागले. भार सगळ्या आसांवर सारखा वाटायचा असतो हे ज्यांच्याकडून मी शिकले, त्यांनी घराचा भार तेरा वर्षांच्या मुलीवर टाकला होता.

काळ तसा होता, असं माझे काका म्हणतात. काळ तसा होता हे खरंच. पण त्याच काळात, त्याच रेल्वे कॉलनीत, शेजारच्या क्वार्टरमधल्या मुली मॅट्रिक झाल्या होत्या. अण्णांनी निर्णय घेतला तो अण्णांनीच घेतला, काळाने नव्हे. आपल्या माणसाच्या वाटणीची जबाबदारी काळावर ढकलली की तो माणूस लहान होतो, असं मला वाटतं. मग दुष्काळात माणसं जगवण्याचं श्रेयही काळालाच द्यावं लागेल.

माझी बारावी झाली तेव्हा इंजिनिअरिंगला पुण्याला पाठवायचं की नाही यावर घरात आठवडाभर खल चालला होता. मुलीची जात, हॉस्टेल, खर्च. वडील कचरत होते. निवृत्त झालेले अण्णा कोपऱ्यात खुर्चीवर बसून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "ती जाईल. पैशाचं मी बघतो." विषय संपला. मी आनंदाने रडले, आणि त्या क्षणाचा आनंद आजही तसाच आहे. पण पुढे कधीतरी लक्षात आलं की मलाही त्यांनी विचारलं नव्हतं. ज्या आवाजात आत्याची शाळा संपली त्याच आवाजात माझं कॉलेज सुरू झालं. एकच माणूस, एकच रीत, घरात शेवटचा शब्द आपला असं गृहीत धरणारी. तिच्यातून आलेली माया तेवढी ठेवायची आणि अन्याय तेवढा गाळायचा, हे मला जमत नाही. दोन्ही एकाच हाताने दिलेलं आहे.

म्हातारपणी अण्णा मऊ झाले असं सगळे म्हणतात. मला ते अधिक विचारी झाल्यासारखे वाटले. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांच्या बरोबरीने हक्क दिला, पण तो कायदा होण्याआधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या होत्या. आत्या त्यांच्यातली. ही बातमी अण्णांनी पेपरात दोनदा वाचली होती, हे मला आजीने सांगितलं. २००५ मध्ये केंद्राने कायदा बदलला, त्यात लग्नाची ती अट राहिली नाही. आमच्याकडे बाप गेला की बहिणींनी हक्कसोडपत्रावर सही करायची आणि माहेर राखायचं, ही चाल. सही न करणारी लोभी ठरते. अण्णांनी ती वेळच येऊ दिली नाही. हयातीतच गावाकडच्या जमिनीचं वाटप केलं, तीन भावांबरोबर चौथा वाटा आत्याचा, आणि सातबाऱ्यावर तिचं नाव लागेपर्यंत तलाठ्याकडे स्वतः खेटे घातले. काका नाराज झाले. एकाने तर दिवाळीला येणं सोडलं. अण्णा बधले नाहीत.

उतारा हातात देताना ते आत्याला काय म्हणाले ते मी ऐकलं आहे. "तुझी शाळा राहिली, त्याचं हे समज." तोवर त्या शाळेचा विषय त्यांनी कधीच काढला नव्हता.

आत्याने उतारा घेतला, डोळ्यांना लावला, आणि म्हणाली, "अण्णा, जमीन घेते. पण शाळा ती शाळा, जमीन ती जमीन."

ते काही बोलले नाहीत. मान हलवली, इतकंच. ती मान कबुलीची होती की नुसती ऐकल्याची, यावर आम्हा भावंडांत अजून मतभेद आहेत. मला ती कबुलीची वाटते. बापाने सगळं मिटलं असं म्हणावं आणि मुलीने नाही म्हणावं, आणि त्याने तिचं नाही ऐकून घ्यावं, याला त्या घरात पन्नास वर्षांत पहिल्यांदा जागा झाली होती.

अण्णा गेले, त्यांची गाडीही राहिली नाही. नव्या शतकात एकेक करून सगळे अडीच फुटी रूळ उखडले आणि ब्रॉडगेज आलं. आत्या तिच्या वाट्यात रब्बीला मालदांडी पेरते. आणि श्राद्धाला न चुकता येते. परवाच्या श्राद्धाला दुष्काळाची गोष्ट रंगात आली होती, तेव्हा तिने माझ्या लेकीला जवळ घेतलं आणि सगळ्यांसमोर, आवाज न चढवता, शाळेची गोष्ट सांगितली. वर्गातला नंबर, बाईंचं घरी येऊन विनवणं, सगळं. काका ताटाकडे बघत राहिले. लेकीने विचारलं, "मग तुला राग नाही आला?"

"आला की. अजून आहे," आत्या म्हणाली. "म्हणून काय बापाच्या श्राद्धाला यायचं नाही होय?" मग आषाढीच्या जादा गाड्यांच्या वेळी ती रात्री अण्णांचा डबा घेऊन वर्कशॉपच्या फाटकापर्यंत कशी जायची, ते तिने सांगायला घेतलं.