बारा महिन्यांची अट

२००३ सालापर्यंत आपल्या देशातल्या ख्रिस्ती माणसाला मृत्युपत्राने एखाद्या अनाथाश्रमाला घर लिहून देणे अवघड होते. भारतीय वारसा कायदा १९२५ सालचा. त्यातले ११८ वे कलम सांगायचे, की ज्याला पुतण्या, भाची किंवा त्याहून जवळचे कुणी नातलग आहे, त्याला धार्मिक वा धर्मादाय कामासाठी मालमत्ता ठेवायची असेल, तर मृत्युपत्र मरणाच्या निदान बारा महिने आधी झालेले हवे आणि केल्यापासून सहा महिन्यांत ते कायद्याने ठरवलेल्या ठिकाणी जमाही झालेले हवे. अकराव्या महिन्यात मरण आले, तर दान रद्द. शेजारच्या हिंदू किंवा मुसलमान माणसाला ही अट नव्हती. केरळचे धर्मगुरू फादर जॉन वल्लमट्टम या भेदाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. २१ जुलै २००३ रोजी सरन्यायाधीश वि. ना. खरे यांच्या पीठाने ते कलम समतेच्या हक्काविरुद्ध आहे म्हणून रद्द केले.

निकाल योग्यच होता. पण ही अट कुठून आली, ते पाहायला हवे. तिचे मूळ इंग्लंडच्या १७३६ च्या एका कायद्यात आहे. मरणाच्या भीतीने गोंधळलेला माणूस उशाशी बसलेल्या धर्मगुरूच्या सांगण्यावरून मुलाबाळांना वाऱ्यावर सोडून जमीन धर्मसंस्थेला लिहून देईल, ही तेव्हाची धास्ती. इंग्लंडने तो कायदा १९६० मध्ये मोडीत काढला. आपल्याकडे त्याची सावली आणखी त्रेचाळीस वर्षे राहिली. ती गेली हे चांगले झाले. धास्ती मात्र खरी होती आणि आजही आहे. आजारी, एकट्या, उपकारांनी दबलेल्या माणसाकडून सही घेणे आजही अवघड नाही. मुले पुण्यात किंवा मेलबर्नमध्ये असतात आणि रोज येऊन प्रार्थना करणारा, औषध आणून देणारा माणूस संस्थेचा असतो. त्याच्या मनात काहीही वावगे नसेल. तरीही त्या खोलीत कुणी कुणाला काय मागावे, हा प्रश्न उरतोच. पूर्वी त्याचे उत्तर कायदा देत होता. आता ते देणाऱ्याच्या, आणि त्याहून जास्त घेणाऱ्याच्या, विवेकावर आले आहे.

ख्रिस्ती श्रद्धेला हा प्रश्न नवा नाही. मार्कच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात येशू ज्या प्रथेवर कडाडून टीका करतो, ती हीच. आपली मालमत्ता ‘कुर्बान’, म्हणजे देवाला वाहिलेली, असे जाहीर करायचे आणि मग म्हाताऱ्या आईबापांना सांगायचे, की आता यातून तुम्हाला काही देता येत नाही. देवाच्या नावाने आईबापांचा घास काढून घेणे, असे येशूने त्याकडे पाहिले. दानाची इतकी शिकवण देणाऱ्या धर्मग्रंथात दानाचीच ही चौकशी आहे, हे मला फार मोलाचे वाटते. प्रेषितांच्या कृत्यांत बर्णबा शेत विकून सगळे पैसे प्रेषितांच्या पायाशी ठेवतो, त्याची आठवण उपदेशांत नेहमी निघते. पुढच्याच अध्यायात खोटे बोललेल्या हनन्याला पेत्र बजावतो, की जमीन तुझीच होती आणि विकल्यावर पैसेही तुझ्याच हातात होते. म्हणजे कुणी मागितले नव्हते, सक्ती नव्हती. खोटेपणाच्या शिक्षेच्या गोष्टीत हे वाक्य झाकले जाते.

वारसांच्या बाबतीत कायदाही सगळीकडे सारखा नाही. गोव्यात पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या वारसा कायद्याप्रमाणे मुलाबाळांसाठी अर्धी मालमत्ता राखीव असते. मृत्युपत्राने उरलेल्या अर्ध्याचेच वाटप करता येते. मडगावच्या माणसाला आपले सगळे वृद्धाश्रमाला देता येणार नाही. वसईच्या किंवा अहिल्यानगरच्या ख्रिस्ती माणसाला स्वकष्टाची सगळी मिळकत देता येते आणि मुलीला एक रुपया न ठेवण्याचीही मुभा आहे. ही मुभा मोठी आहे. म्हणूनच मला वाटते, की संस्थेला काही ठेवायचे असेल तर ते घरात, जेवणाच्या वेळी, सगळ्यांसमोर सांगितलेले असावे. मुलांची संमती लागत नाही, हे खरे. पण जे मुलांच्या तोंडावर सांगायची हिंमत होत नाही, ते वकिलाच्या कचेरीत कागदावर उतरवू नये. मुलगा रागावेल, सून आठवडाभर बोलणार नाही. तो राग आपण असताना झेलावा. आपल्या मागे तो संस्थेच्या दारात नोटीस होऊन जातो आणि वसतिगृहाच्या पोरांच्या जेवणाचे पैसे वकिलाच्या फीमध्ये जातात.

आता कागदाबद्दल थोडे. दानाची इच्छा इथेच सर्वांत जास्त वेळा वाया जाते. मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. दोन साक्षीदारांची सही मात्र लागतेच. ख्रिस्ती माणसाच्या बाबतीत साक्षीदाराला किंवा त्याच्या नवरा-बायकोला त्याच मृत्युपत्रातून काही ठेवले असेल, तर तो हिस्सा बाद होतो. ज्या परिचारिकेने शेवटची दोन वर्षे सेवा केली तिच्यासाठी पन्नास हजार ठेवायचे आणि घरात दुसरे कुणी नाही म्हणून साक्षही तिचीच घ्यायची, असे केले की तिला काही मिळत नाही. संस्थेला ठेवत असाल तर पाळकसाहेबांची साक्षही घेऊ नये. कायद्यापेक्षा संशय टाळण्यासाठी. आणि ख्रिस्ती माणसाने मृत्युपत्र केल्यावर लग्न केले, तर ते मृत्युपत्र आपोआप रद्द होते. साठीनंतर दुसरा संसार मांडणाऱ्या विधुरांना ही गोष्ट कुणीतरी सांगितली पाहिजे.

दुसरी समजूत नॉमिनीची. विम्याच्या किंवा शेअर्सच्या कागदावर ज्याचे नाव, त्याची मालकी, असे घरोघरी मानले जाते. सर्वोच्च न्यायालयाने विम्याबाबत १९८३ मध्ये आणि शेअर्सबाबत २०२३ मध्ये सांगितले आहे, की नॉमिनी हा रक्कम हाती घेणारा माणूस. मालकी ठरते ती मृत्युपत्राने किंवा वारसा कायद्याने. विम्याच्या कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने आईवडील, नवरा-बायको आणि मुले यांना वेगळे स्थान दिले, पण ती सवलत बाहेरच्या कुणाला नाही. तेव्हा विश्वासातल्या मित्राला नॉमिनी लावून ‘तू पुढे मिशनला दे’ असे तोंडी सांगितले, तर मित्राला अडचणीत टाकल्यासारखे होते.

घर द्यायचे आणि राहायचेही तिथेच, असा मार्ग आहे. नोंदणीकृत बक्षीसपत्र करून घर संस्थेच्या नावे करायचे आणि हयातभर राहण्याचा हक्क स्वतःकडे ठेवायचा. असे बक्षीसपत्र वैध असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये मान्य केले. मृत्युपत्र उद्या बदलता येते, बक्षीसपत्र एकदा केले की सहसा मागे घेता येत नाही. विधवा बाईंना, ज्यांना पुढे आजारपणात घर विकावे लागू शकते, हा मार्ग मी सुचवणार नाही. शेतजमिनीचे आणखी वेगळे: महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला शेती बक्षीस देताना सरकारी परवानगी लागते आणि संस्था शेतकरी ठरत नसेल तर ती परवानगी आधी घ्यावी लागते. संस्थेला एकदा मिळालेली स्थावर मालमत्ता सार्वजनिक न्यास कायद्याच्या ३६ व्या कलमाप्रमाणे धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय विकताही येत नाही. तालुक्याच्या गावातला पडका वाडा दिला, तर संस्थेच्या गळ्यात घरपट्टी, गळके छप्पर आणि कोर्टाच्या तारखा पडतात. त्यापेक्षा वाडा आपणच विकून आलेले पैसे द्यावेत. त्यावर कराची सवलत मिळू शकते, वस्तूच्या दानावर मिळत नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मराठी माणसांनी आणखी एक लक्षात ठेवावे. त्यांचे दान, ओसीआय कार्ड असले तरी, परदेशी देणगी ठरते आणि संस्थेची त्यासाठी नोंदणी असावी लागते. भारतीय पासपोर्ट असलेल्या परदेशस्थाला हे लागू नाही.

आगाऊ ठरवून दिलेल्या पैशाने काय होते, याचा दाखला आपल्या इतिहासातच आहे. पंडिता रमाबाई अमेरिकेत होत्या तेव्हा १८८७ च्या डिसेंबरात बॉस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाले आणि त्याने विधवांच्या शाळेला दहा वर्षे मदत करण्याचे वचन दिले. ठिकठिकाणी ‘रमाबाई सर्कल’ नावाची छोटी मंडळे वर्षाला थोडी थोडी वर्गणी भरत. एका भाषणाने भारावून दिलेली एक मोठी देणगी आणि दहा वर्षे येत राहणारी छोटी रक्कम, यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. दुसऱ्या प्रकारात घर भाड्याने घेता येते, शिक्षिका नेमता येते, मुलीला सांगता येते की तुझे शिक्षण अर्ध्यावर थांबणार नाही. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. तिथे शिकायला आलेल्या पहिल्या विधवा गोदूबाई जोशी, म्हणजे पुढच्या आनंदीबाई कर्वे. दहा वर्षांच्या वचनाला तळटीपही होती: शाळा कोणत्याही पंथाची नसावी. १८९३ मध्ये धर्मांतराच्या वादात हीच अट रमाबाईंना काचली आणि रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागार दूर झाले. दहा वर्षे सरल्यावर, १८९८ मध्ये, नवी व्यवस्था करताना त्यांनी ते बंधन सोडवून घेतले. त्या काळात दुष्काळातल्या मुलींनी केडगावचे मुक्तिसदन भरत चालले होते. मला यात दोन्ही बाजू दिसतात. अट घालण्याचा देणाऱ्याला हक्क आहे; पण अट जितकी बारीक, तितकी ती पुढच्या पिढीच्या पायात येते. ‘मुलींच्या शिक्षणासाठी’ एवढे पुरे. ‘पाचवीतल्या मुलींच्या शिवणकामासाठी’ लिहिले, तर वीस वर्षांनी शिवणयंत्रे पडून राहतील आणि पैसेही.

वस्तूंच्या दानाची परंपरा तर पैशाहून जुनी आहे. कापणीच्या सणाला मंडळीतली माणसे अजूनही ज्वारीचे पोते, कोंबडा, अंडी, भोपळा घेऊन येतात, लिलाव होतो, आणि पाच रुपयांचे लिंबू पाचशेला जाते. मिझोराममधल्या ख्रिस्ती घरांत विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ बाजूला काढतात. त्याला ‘बुहफाई थाम’ म्हणतात. त्या मुठींवर तिथल्या चर्चचे केवढे मोठे काम उभे आहे! ज्या घरात रोख पैसा नव्हता, तिथल्या बाईच्या हातात देण्याची सत्ता त्या मुठीने दिली. भात शिजवताना, रोज, कुणी न सांगता ती देते, आणि जे स्वतः खाते तेच देते.

यातली शेवटची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. जे आपण खाऊ, घालू, वापरू, ते द्यावे. २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले. कोळणींनी ते उचलले नाहीत. औषधांच्या दानाबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने १९९६ मध्येच सांगितले, की पोहोचताना औषधाची मुदत निदान एक वर्ष उरलेली असावी. मिशनच्या दवाखान्यात बंद पडलेले यंत्र नेऊन ठेवणे म्हणजे ते फेकण्याचा खर्च दवाखान्यावर ढकलणे. द्यायच्या आधी फोन करून ‘तुम्हाला काय हवे?’ असे विचारावे. उत्तर बहुधा साधे येते: तूरडाळ, सॅनिटरी पॅड, दोन पंखे, शनिवारी गणित शिकवणारे कुणी. निवृत्त हिशेबनिसाने महिन्यातून एक दिवस संस्थेची खाती पाहिली, तर हिशेब लिहिण्याचे पैसे वाचतात. वसतिगृहाला ते पंख्याहून जास्त उपयोगी पडते.

राहिली घेणाऱ्यांची बाजू. प्रत्येक ख्रिस्ती संस्थेच्या विश्वस्तांनी काही ठराव आधीच करून ठेवावेत. आजारी माणसाच्या उशाशी मालमत्तेची गोष्ट काढायची नाही. त्यानेच काढली तर ‘बरे झाल्यावर बोलू’ म्हणायचे. मृत्युपत्राची इच्छा कुणी सांगितली, तर त्याला आपल्या वकिलाकडे न पाठवता त्याच्याच ओळखीच्या वकिलाकडे पाठवायचे. मुलांना माहीत आहे का, हे स्वतः विचारायचे. आणि जे दान म्हाताऱ्या बायकोला बेघर करील किंवा अपंग मुलाचा आधार काढून घेईल, ते सही-शिक्क्यासह दारात आले तरी परत पाठवायचे. शक्यतो त्याच दिवशी, स्वतः घरी जाऊन.