चुलीतला निखारा

एका डोंगराळ गावात एक म्हातारा गुरव होता. देवळातला नंदादीप त्याच्या आज्याने लावलेला. म्हातारा रात्री उठून तेल घालायचा, काजळी झाडायचा, वात पुढे सारायचा. रोज दिवेलागणीला त्याची बायको यायची, त्या दिव्यावर पणती लावायची, पदराआड धरून घरी न्यायची आणि तिच्यावर चूल पेटवायची.

एकदा म्हाताऱ्याला ताप भरला. दिव्याची राखण नातवाकडे आली. दुसऱ्या रात्री पोराचा डोळा लागला. दचकून जागा झाला तर गाभाऱ्यात काळोख. वातीच्या टोकाशी लाल ठिपका उरला होता, तोही बघता बघता गेला.

कोनाड्यात काडेपेटी होती. पोराने हात घातला आणि मागे घेतला. तसाच घरी धावला. चुलीतली राख उकरली, करवंटीत निखारा घेतला, फुंकत फुंकत देवळात आणला. निखाऱ्यावर कापूर पेटला, कापरावर वात.

पण जिवाला चैन पडेना. सकाळी तो आजोबांच्या उशाशी बसला.

“आबा, माझ्या हातून दिवा गेला. आता जळतोय तो तुमच्या आज्याचा नाही.”

“संध्याकाळचं तेल मध्यरात्री होतं का रे?”

“नाही. जळालं.”

“आणि वात?”

“तीही जळत जाते.”

“मग मध्यरात्रीचा दिवा दुसराच म्हणायचा?”

पोर विचारात पडलं. “दुसरा कसा? संध्याकाळच्यातूनच तर आला.”

“आणि निखारा कशातून आला?”

‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात हाच दिवा आहे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला ग्रीक राजा मिनँडर, म्हणजे मिलिंद, भिक्खू नागसेनाला विचारतो, जो जन्मतो तो तोच राहतो की दुसरा होतो? नागसेन रात्रभर जळणाऱ्या दिव्याचा दाखला देतो. पहिल्या प्रहराची ज्योत शेवटच्या प्रहरी नसते, तरी दिवा दुसरा होत नाही. माणूसही तसाच, तोच नाही आणि वेगळाही नाही. मला हे मनापासून पटतं. आपल्या आत कधीच न बदलणारं काही सापडलं नाही, म्हणून आपण परके होत नाही. कालच्यातून आजचं पेटत आलेलं असतं. गाभाऱ्यात तुटलेला धागा त्या रात्री राखेखाली शाबूत होता.

संध्याकाळी आजी पणती घेऊन आली. पोर जवळ जाऊन बघत राहिलं. पणतीची वात दिव्याला टेकली, क्षणभर दोन्हींची मिळून एकच ज्योत झाली. मग आजीने पणती उचलली, पदराआड धरली आणि ती घराकडे निघाली.