चालते आहे, एवढे पुरे का?

मीरा रोडच्या पूनम सागर वसाहतीतील आमच्या घरात एक संगणक आहे. गेली नऊ-दहा वर्षे तो बिनतक्रार चालत आला आहे. सोसायटीच्या खजिनदारीचे काम आमच्याकडे असल्याने इमारतीचा जमाखर्च, सभासदांचे दूरध्वनी क्रमांक आणि देखभाल शुल्काच्या पावत्या त्यात साठवलेल्या आहेत. आमच्या दिवंगत वडिलांनी टंकलेल्या, वसईकडील गावाच्या आठवणीही त्यातच आहेत. या संगणकाचा सारा कारभार विंडोज १० ही कार्यप्रणाली पाहते. तिला कंपनीकडून मिळणारे नियमित संरक्षण १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपणार, अशी सूचना पडद्यावर येऊ लागली. आम्ही ती मिटवत राहिलो. तारीख उलटली, आणि संगणक पूर्वीसारखाच चालत राहिला.

मग एके दिवशी शेजारच्या आजी देखभालीचा धनादेश द्यायला आल्या. पडद्याकडे बोट दाखवून त्यांनी विचारले, “भाऊ, हे काय लिहून आलंय? आमचा हिशेब ह्याच्यातच आहे ना?”

प्रश्न साधा होता. उत्तर देताना मात्र आमची जीभ अडखळली. चालते यंत्र बदलावे की नाही, ही बाब आम्ही निव्वळ तांत्रिक समजत होतो. ती आमच्या सदसद्विवेकाचीही बाब आहे, हे त्या दिवशी ध्यानी आले.

न बदलण्याच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे, आणि ते सारेच आळसाचे नाही. चालत्या गाडीला खीळ घालू नये, असे आपली माणसे म्हणतात, ते अनुभवाने. २०२१ मध्ये आलेली विंडोज ११ ही प्रणाली संगणकात विशिष्ट सुरक्षा-चिप आणि बऱ्यापैकी अलीकडचा प्रोसेसर असल्याखेरीज त्याला अधिकृतपणे स्वीकारत नाही. त्यामुळे कित्येक धडधाकट संगणकांच्या बाबतीत प्रणाली बदलणे म्हणजे संगणकच बदलणे होते. मग जुन्याचे काय? संयुक्त राष्ट्रांच्या सहभागाने निघालेल्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन विद्युत-कचरा निर्माण झाला, आणि त्यातील पाव हिश्शाचीही रीतसर विल्हेवाट लागल्याची नोंद नाही. चांगली वस्तू टाकून देताना ज्याचे मन कचरते, त्याला कंजूष म्हणणे अन्यायाचे होईल.

आमची आणखी एक अडचण होती. युनिकोड ही सर्वमान्य पद्धत रुळण्यापूर्वी मराठी मजकूर निराळ्या टंकांत लिहिला जाई. पडद्यावर मराठी दिसे, परंतु यंत्राच्या लेखी ती बहुधा रोमन अक्षरांची चिन्हेच असत. तो टंक नसेल तर मजकुराची केवळ खिचडी दिसते. वडिलांच्या आठवणी अशाच टंकात आहेत. त्या उघडणारी जुनी आज्ञावली नव्या प्रणालीवर चालेलच, याची आम्हांला खात्री नव्हती. जे हरवले तर पुन्हा मिळणार नाही, ते पणाला कसे लावावे?

परंतु ‘चालते आहे’ या शब्दांचा अर्थ तरी काय? विंडोज एक्सपी या जुन्या प्रणालीचे संरक्षण ८ एप्रिल २०१४ रोजी संपले. त्यानंतरही आपल्या देशातील अनेक एटीएम यंत्रे तिच्यावर चालत होती. ती नोटा बरोबर मोजून देत होती. कोणाही ग्राहकाला काही उणे जाणवत नव्हते. तरीही रिझर्व्ह बँकेला जून २०१८ मध्ये परिपत्रक काढून, जून २०१९ पर्यंत सर्व एटीएम टप्प्याटप्प्याने संरक्षण असलेल्या प्रणालीवर आणण्याचा आदेश बँकांना द्यावा लागला. यंत्र आपले काम नीट करते, याचा अर्थ त्याचे दार नीट लागते असा होत नाही.

आणि दार उघडे राहिले तर झळ कोणाला? जून २०१७ च्या अखेरीस नॉटपेट्या या विध्वंसक आज्ञावलीने मर्स्क या डॅनिश समूहाचे संगणक बंद पाडले. आपल्या न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरात त्या समूहाकडून चालवल्या जाणाऱ्या टर्मिनलचे कामकाज त्यामुळे ठप्प झाले. ज्यांनी ते संगणक कधी पाहिलेही नव्हते, त्यांचा माल अडकून पडला. या प्रकरणाला दुसरीही बाजू आहे. ते विष प्रथम पसरले युक्रेनमधील एका हिशेबाच्या आज्ञावलीच्या ‘सुधारित आवृत्ती’बरोबर. म्हणजे नवे ते निर्धोक, असेही डोळे मिटून मानता येत नाही. जुन्याची भक्ती आणि नव्याची भक्ती, दोन्ही सारख्याच आंधळ्या ठरू शकतात.

मग निर्णय कशावर करावा? इमारतीत राहणाऱ्यांना याचे उत्तर ठाऊक असते. आपल्या न्हाणीघरात नळाला पाणी येते, सारे सुरळीत चाललेले असते. आणि खालच्या बिऱ्हाडाच्या छताला मात्र ओल आलेली असते. “आमच्याकडे काही बिघडलेले नाही,” असे आपण म्हणतो, ते खरेच असते. परंतु गळती आपलीच असते. वस्तू आपल्यासाठी चालते की नाही, एवढे पाहून भागत नाही. तिच्यावर कोणाकोणाचा भार आहे, हे पाहावे लागते. जे केवळ आपले आहे त्याचा धोका पत्करण्याचा अधिकार आपल्याला आहे. दुसऱ्याने विश्वासाने ठेवायला दिलेल्या वस्तूचा धोका, त्याला न विचारता, आपण पत्करू शकत नाही. आमच्या हातून नेमके तेच घडत होते. सूचना मिटवताना आम्ही साऱ्या इमारतीच्या वतीने निर्णय घेत होतो, आणि इमारतीला त्याचा पत्ताही नव्हता.

सुरक्षा-दुरुस्त्या १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत घेण्याची सोय कंपनीने घरगुती वापरकर्त्यांसाठी ठेवली होती. जुन्या संगणकावर लिनक्ससारखी विनामूल्य प्रणाली बसवण्याचाही मार्ग होता. कोणाला हे पर्याय सोयीचे वाटतील, त्यांत गैर काहीच नाही. आम्ही कार्यकारी मंडळाच्या सभेत सारी हकीकत सांगितली. इतके दिवस का थांबलात, असा प्रश्न आला. त्याला आमच्याकडे उत्तर नव्हते. मंडळाच्या संमतीने हिशेब आणि सभासदांची माहिती संरक्षण असलेल्या संगणकावर हलवली, आणि जुन्या संगणकातून ती पुसून टाकली.

जुना संगणक मात्र आम्ही टाकला नाही. त्याची इंटरनेटची जोडणी तोडली आणि वडिलांच्या लिखाणाची एक प्रत वेगळी काढून ठेवली. आता रोज संध्याकाळी त्या आठवणींचे एकेक पान आम्ही युनिकोडमध्ये पुन्हा टंकतो. काम सावकाश चालले आहे. त्यात काही बिघडले, तर हानी आमची एकट्याची होईल.

पुढच्या महिन्यात आजी धनादेश घेऊन आल्या, तेव्हा त्यांनी काही विचारले नाही. आम्हीच त्यांना बसवून घेतले आणि त्यांचा हिशेब आता कोठे आहे, ते सांगितले.